नवीन ऑपरेशन सुरू करताना ‘क्वालिटेटिव्ह’ म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ठाण्यातल्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमधले तरुण सर्जन आहेत. डिपार्टमेंटला पोटाच्या हर्नियासाठी ई-टेप पद्धत सुरू करायची आहे, म्हणजे दुर्बिणीतूनच पण पोटाच्या पोकळीत न शिरता स्नायूच्या मागे मेश, म्हणजे जाळी, बसवायची. एथिक्स कमिटीने फाईल ‘गुणात्मक घटक जोडावा’, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवरचा अभ्यास (क्वालिटेटिव्ह) जोडा, एवढा एक ओळीचा शेरा मारून परत पाठवली. हेड म्हणतात, दहा पेशंटना फीडबॅक फॉर्म भरायला दे आणि विषय संपव. आणि यांना प्रश्न पडलाय की दहा-बारा लोकांशी गप्पा मारून ऑपरेशन सेफ आहे हे कसं सिद्ध होणार, आणि होणार नसेल तर कशाला वेळ घालवायचा.

डॉक्टर, आधीच सांगते, मी सर्जन नाही. मेडिकल सोशल वर्कर म्हणून सुरुवात केली, आता बरीच वर्षं हॉस्पिटलांमध्ये मुलाखतींवरचा रिसर्च करते आणि नवी मुंबईतल्या एका एथिक्स कमिटीवर सोशल सायंटिस्टच्या खुर्चीत बसते. असे शेरे मीही मारलेत, आणि त्या एका ओळीचा अर्थ न लागल्यामुळे वैतागलेले सर्जनही पुष्कळ बघितलेत, त्यामुळे तुमची चिडचिड समजते.

सिद्ध होणार नाही, हे तुमचं बरोबर आहे. मुलाखतींतून रिकरन्स, म्हणजे हर्निया परत होणं, किती टक्के ते कळत नाही, इन्फेक्शन किती ते कळत नाही, त्याला आकडेच लागतात. पण तुमच्यापुढे आत्ता जो प्रश्न आहे तो ‘ही पद्धत चांगली का’ हा नाहीच. तो आहे ‘आमच्या हॉस्पिटलमध्ये, आमच्या हातांनी, आमच्या पेशंटवर ही सुरू करताना पहिल्या काही लोकांना शिकण्याची किंमत मोजायला लागू नये यासाठी आम्ही काय बघतोय’. आकडे येईपर्यंत तुमच्या चाळीस-पन्नास केसेस होऊन गेलेल्या असतात. त्या काळात डोळे उघडे ठेवायचं काम मुलाखती, निरीक्षण आणि रेकॉर्ड केलेली बोलणी करतात, आणि ते सुद्धा तेव्हाच करतात जेव्हा त्यातून निघालेली गोष्ट पुढच्या केसच्या आधी तुमच्यापर्यंत पोचते. वर्षभराने पेपर छापून आला तर तो तुमच्या बायोडेटासाठी, पेशंटसाठी नाही.

आता ‘नवीन’ म्हणजे किती नवीन यावर बरंच अवलंबून आहे. ई-टेप जगाला नवीन नाही, जांघेच्या हर्नियासाठी २०१२ मध्ये आणि पोटाच्या हर्नियासाठी २०१८ मध्ये ती नीट लिहून आली, आपल्याकडेही ठिकठिकाणी करतात. तुमच्या हॉस्पिटलला नवीन आहे, आणि तुमच्या सरांच्या हाताला नवीन आहे. सर बाहेर जाऊन भरपूर करून आलेत, की वर्कशॉपमध्ये दोन दिवस बघून आलेत, की कंपनीने व्हिडिओ दाखवलेत, यावर पुढचं सगळं बदलतं. कोणी प्रॉक्टर, म्हणजे शेजारी उभा राहून शिकवणारा अनुभवी सर्जन, येणार आहे का, पहिल्या केसेस निवडून सोप्या घेणार का, हे प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं मला तरी दिसायला हवं असतं. कमिटीला हीच काळजी असते, फक्त लिहिताना ते ‘गुणात्मक घटक’ होऊन बसतं.

यात एक पोकळी आहे जी सर्जन लोकांना माहीत असते पण त्यावर कोणी बोलत नाही. नवीन औषध आणायचं तर २०१९ चे नियम आहेत, मेशसारख्या उपकरणाला २०१७ चे मेडिकल डिव्हाइस रूल्स आहेत, पण हाताने करायच्या पद्धतीला परवाना देणारं कोणी नाही. उद्या सकाळी उठून एखाद्याने पोर्टची (दुर्बीण आत घालायच्या भोकाची) जागा बदलली, टाका बदलला, तर त्याला विचारणारा ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) माणूस सोडून दुसरा कोणी नसतो. त्यासाठीच २००९ मध्ये लॅन्सेट या मेडिकल नियतकालिकातून आयडियल नावाची चौकट मांडली गेली: आधी कल्पना, मग पद्धत घडवणं, मग चाचपणी, मग तुलना, मग लांबचा पाठपुरावा. तुम्ही तुमच्या हॉस्पिटलपुरते दुसऱ्या-तिसऱ्या पायरीच्या मध्ये आहात. घडवण्याच्या टप्प्यावर त्या चौकटीचं मागणं साधं आहे, एकही केस न गाळता ओळीने सगळ्या नोंदवा आणि पद्धतीत कधी काय बदललं, का बदललं ते लिहा. हे ‘का’ ऑपरेशन नोट्समध्ये कधीच नसतं. ते विचारावं लागतं.

शिकण्याची किंमत हा शब्द मी उगाच नाही वापरला. दुर्बिणीने पित्ताशय काढणं १९८५ मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी केलं, १९८७ मध्ये फ्रान्समध्ये फिलिप मुरे यांनी, आणि १९९० मध्ये आपल्याकडे जेजेमध्ये डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी. आज त्याशिवाय कोणी दुसरा विचारही करत नाही. पण १९९५ मध्ये अमेरिकेतल्या ५५ सर्जनच्या ८,८३९ ऑपरेशन्सचा हिशोब आला, त्यात पित्तनलिकेला १५ इजा होत्या आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या त्या-त्या सर्जनच्या पहिल्या ३० केसेसमधल्या. त्यांच्या गणिताप्रमाणे पहिल्या केसला इजेची शक्यता १.७ टक्के आणि पन्नासाव्या केसला ०.१७ टक्के, सरळ दहापट फरक. पद्धत चांगलीच होती. तरी तिसऱ्या नंबरच्या पेशंटला आपण तिसरे आहोत हे माहीत होतं का? मला यातला रस इथे सुरू होतो.

म्हणून पहिली गोष्ट जी मी करायला सांगते ती मुलाखत नसतेच, ती म्हणजे संमतीच्या वेळचं बोलणं रेकॉर्ड करा, अर्थात दोघांची परवानगी घेऊन. एक नमुना देते, तपशील बदललेत.

सर्जन म्हणतात, “काका, ही नवीन पद्धत आहे, तीन-चार छोटी भोकं, दुखणं कमी, लवकर घरी.” काका म्हणतात, “बरं.” सर्जन: “रिस्क काय, सगळ्याच ऑपरेशनमध्ये थोडी असते, तशी यातही आहे. काही विचारायचंय?” काका: “जेवण कधीपासून?”

दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या मुलाखती घेणाऱ्या मुलीने वॉर्डबाहेरच्या बाकावर बसून काकांना विचारलं, हे ऑपरेशन या हॉस्पिटलमध्ये आधी किती जणांवर झालं असेल हो? काका म्हणाले, “झाली असतील की हजारो, एवढे मोठे डॉक्टर आहेत.” काका पहिल्या चार-पाचांत होते. आणि जुन्या पद्धतीनेही करून मिळतं हे तर त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं, म्हणजे सांगितलं असेल कुठेतरी पण टेपमध्ये नव्हतं. यात कोणी खोटं बोललेलं नाही. फॉर्मवर सही आहे, तारीख आहे, साक्षीदार आहे. समीरा कोहली प्रकरणात २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की ऑपरेशनचं स्वरूप, पर्याय, मोठे धोके कळतील एवढी माहिती दिल्यावर घेतलेली संमतीच खरी संमती. पण ती माहिती पोचली का हे सही बघून कळत नाही, माणसाला विचारल्यावरच कळतं.

बाहेर याचा मोठा दाखला आहे. ब्रिटनमध्ये प्रोस्टेट कॅन्सरच्या प्रोटेक्ट ट्रायलमध्ये लोक सहभागी व्हायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी डॉक्टर-पेशंट बोलण्याच्या टेप ऐकल्या. डॉक्टर ऑपरेशन आणि रेडिएशनबद्दल आधी आणि भरभरून बोलत होते, नुसतं लक्ष ठेवण्याचा पर्याय शेवटी आणि घाईत उरकत होते. बोलण्याची पद्धत बदलली आणि वर्षभरात तयार होणाऱ्यांचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांवरून सत्तरच्या आसपास गेलं, हे २००२ मध्ये छापून आलंय. सर्जन लोकांना मी हे सांगते कारण त्यांना आकडा आवडतो.

मग तुमच्याकडे काय बदलायचं? आम्ही एका ठिकाणी सर्जनबरोबर बसून चार वाक्यं ठरवली: ही पद्धत बाहेर होते, आपल्याकडे नुकती सुरू केलीय, माझ्या हातून आत्तापर्यंत एवढी झालीत आणि तुमच्या वेळी अमुक अनुभवी डॉक्टर सोबत असतील, जुन्या पद्धतीनेही करता येतं, ते मी कितीतरी वर्षं करतोय, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी तुमची तारीख मागे जाणार नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं निघालं, कारण मुरबाड-शहापूरकडून आलेल्या माणसाला भीती मेशची नसते, नंबर जाईल याची असते. आणि मग “कळलं का” असं विचारायचं नाही, त्याला सगळे हो म्हणतात. “आता घरी जाऊन वहिनींना काय सांगाल?” असं विचारायचं. उत्तर ऐकून लगेच कळतं काय पोचलं आणि काय हवेत गेलं. पैशाचंही इथेच बोला, मेशचा फरक योजनेत बसतो की खिशातून जाणार ते. बिल हातात पडल्यावर कळलेला धोका हा सुद्धा धोकाच असतो.

सर्जनची नेहमीची भीती, असं सगळं सांगितलं तर पेशंट पळतील. काही जण जुनी पद्धत मागतात, खरंय. मागू दे. पण त्यांची मुलाखत नक्की घ्या. नाही म्हणणाऱ्यांना सगळे अभ्यास सोडून देतात आणि तुमच्या समजावण्यातली भोकं त्यांनाच सगळ्यात स्पष्ट दिसलेली असतात.

फीडबॅक फॉर्मबद्दल एवढंच की लग्नात जेवण कसं झालं विचारलं तर आळणी होतं असं कोणी सांगत नाही. डिस्चार्जच्या दिवशी, बिल काउंटरजवळ, सिस्टर समोर उभी असताना ‘उत्तम’वर टिक लागणारच. हेडना सांगा की दहा फॉर्म आले तरी हातात शून्य येईल.

आणि यामागे एक गंभीर गोष्ट आहे जी मी विसरू शकत नाही. ई-टेपच्याच एका पेशंटला आमच्या मुलीने ठरल्याप्रमाणे चौथ्या-पाचव्या दिवशी फोन केला, साधं कसं वाटतंय म्हणून. म्हणाल्या छान, जखमा छोट्या, डॉक्टर देवमाणूस. बोलता बोलता कळलं की दोन दिवस पोट फुगलंय, खाल्लेलं उलटतंय, पण सून म्हणाली इथे दिवा गावात उकाडा फार आहे, बाहेरचं काही खाल्लं असेल. हॉस्पिटलला फोन का नाही केला? “एवढं चांगलं केलं त्यांनी, आता कुठे तक्रार करायची.” तुम्हाला सांगायला नको की या ऑपरेशनमध्ये स्नायूमागचा जो पडदा शिवलेला असतो त्याची शिवण सुटली तर आतडं तिथे शिरून अडकू शकतं. मुलीला त्यातलं काही माहीत नव्हतं, तिच्या कागदावर फक्त एवढं लिहिलेलं होतं की उलट्या, पोटफुगी, ताप, श्वास यातलं काही ऐकलं तर मुलाखत थांबव आणि ऑन-कॉल रजिस्ट्रारला लाव. तिने लावला. सीटी झाला, त्याच रात्री परत ओटीत घेतलं, बाई बऱ्या झाल्या.

यातून दोन गोष्टी घ्या. एक, तुमच्या प्रोटोकॉलमध्ये ‘मुलाखतीत धोक्याचं काही कळलं तर’ हा परिच्छेद हवाच, कोणाला फोन, किती वेळात, रात्री कोण. गोपनीयतेच्या नावाखाली अशी गोष्ट फाईलमध्ये झोपवायची नसते, आणि पेशंटला हे आधी सांगून ठेवायचं की असं काही कळलं तर मी डॉक्टरांना कळवणार. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. उलटीचं कारण सर्जनला माहीत होतं, उलटी बाईंना माहीत होती, मधला धागा तुटला होता कृतज्ञतेमुळे. हे कुठल्याही प्रोफॉर्मात पकडता येत नाही. त्यानंतर तिथे डिस्चार्ज कार्डावर मराठी-हिंदीत मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं की उलटी झाली तर लाजू नका, या नंबरवर करा, आणि सगळ्याच केसेसना फोन सुरू झाला, रिसर्चमध्ये असो वा नसो.

आता ओटीच्या आतलं. ब्रिटनमधल्या ब्रिस्टलच्या हॉस्पिटलचं प्रकरण तुम्ही एथिक्सच्या लेक्चरला ऐकलं असेल, लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशन्स, मृत्यू जास्त, २००१ मध्ये चौकशीचा अहवाल आला. स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ त्याआधी कित्येक वर्षं काळजी बोलून दाखवत होते. म्हणजे खोलीतल्या कोणाला तरी माहीत असतं, फक्त विचारणारं कोणी नसतं. नवीन पद्धतीच्या पहिल्या केसेसना मी स्क्रब सिस्टर (ऑपरेशनच्या वेळी हातात उपकरणं देणारी), ओटी टेक्निशियन, भूलतज्ज्ञ आणि कॅमेरा धरणारा रेसिडेंट या चौघांशी वेगवेगळं बोलते. सर्जन म्हणतो केस स्मूथ झाली. सिस्टर म्हणते, मेश कुठल्या साईझची लागणार ते शेवटपर्यंत कळत नाही, दोनदा चुकीचं पाकीट उघडलं, आणि ते पाकीट पेशंटच्या बिलात. भूलतज्ज्ञ म्हणतात, मला सांगितलं दीड तास, लागले साडेतीन, पेशंटचा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) वाढत होता, मी दोनदा म्हटलं कन्व्हर्ट करा, म्हणजे उघडं ऑपरेशन करा. रेसिडेंट काहीच म्हणत नाही, कारण त्याची टर्म त्याच सरांकडे आहे. त्याची शांतता सुद्धा मी लिहून ठेवते.

आणि हो, कंपनीचा माणूस. नवीन उपकरण असेल तर तो ओटीत असतो, कधी कधी कुठला टॅकर (मेश अडकवायचं उपकरण) कुठे मारायचा हेही तोच सांगत असतो. तो किती बोलला, कशावर बोलला ते निरीक्षणात नोंदवा. तो आत असणार आहे हे पेशंटला माहीत असायला हवं, बहुतेक वेळा नसतं.

निरीक्षण म्हणजे काही मोठं नाही. एक माणूस कोपऱ्यात, मधे मधे न करता, वेळ लिहितोय: ठरलं काय होतं, झालं काय, कोणी थांबवायचा प्रयत्न केला का, केला तर काय झालं. केस संपल्यावर चहाच्या वेळी सर्जनशी दहा मिनिटं, फोनवर रेकॉर्ड करून, तीनच प्रश्न: आज काय वेगळं केलं, का केलं, पुढच्या वेळी काय करणार नाही. अशा दहा टेप ओळीने ऐकल्या की पद्धत कशी सरकत गेली ते दिसतं, आणि सर्जनला स्वतःलाच कळतं की तो जी पद्धत करतोय म्हणतो ती सातव्या केसपासून वेगळीच झालीय. मग संमतीपत्रात वर्णन कुठल्या पद्धतीचं आहे? हा प्रश्न कमिटीतल्या मिटींगमध्ये विचारला की शांतता पसरते.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर संमतीचं बोलणं रेकॉर्ड, पेशंटची मुलाखत आधी आणि नंतर, नाही म्हणणाऱ्यांचीही, ओटी टीमशी वेगळं बोलणं, बदलांची वही, आणि धोक्याचं कळलं तर फोन कोणाला. तुमच्या फाईलमध्ये एवढं असलं तर शेरा बहुधा जाईल.

‘दहा की बारा’ या प्रश्नावर. बारा हा आकडा कुठून आला ते सांगते. २००६ मध्ये एका टीमने पश्चिम आफ्रिकेतल्या दोन देशांत स्त्रियांच्या ६० मुलाखतींचा अभ्यास केला आणि म्हटलं की साधारण पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेले. पण तो गट बऱ्यापैकी एकसारखा होता, प्रश्न ठरलेले होते. लोकांनी फक्त बारा उचलला. तुमच्याकडे एकसारखं काय आहे? घोडबंदर रोडच्या टॉवरमधला आयटीवाला येतो, वाड्याचा शेतमजूर येतो, सिझेरियनच्या जागी हर्निया झालेली बाई येते जिचा निर्णय नवरा आणि दीर घेतात. त्यामुळे आकडा आधी नका ठरवू, माणसं ठरवा. वय, काम, भाषा, खर्च कोण करतंय, ऑपरेशन सुरळीत झालं की नाही, हे वेगवेगळं मिळेल अशी निवड करा, आणि नवीन काही येणं थांबेपर्यंत चालू ठेवा. कमिटीला अंदाज म्हणून वीस ते तीसच्या मधलं काहीतरी लिहिता येईल, कारणासकट.

या निवडीचा फायदा काय होतो ते एका उदाहरणाने सांगते. वाशीच्या एपीएमसीत गोणी उचलणारे माथाडी कामगार हर्नियासाठी येतात. फॉलोअपच्या कागदावर ‘दैनंदिन कामावर परतले: हो/नाही’ असा रकाना असतो. एका दादांच्या पुढे ‘हो, तिसरा आठवडा’ लिहिलेलं, म्हणजे नवीन पद्धतीचं यश. मुलाखतीत कळलं की दादा तिसऱ्या आठवड्यात परत पाठीवर गोण्या घेत होते, कारण काम टोळीत असतं, एक माणूस कमी झाला की बाकीच्यांवर भार येतो, आणि किती दिवस बसून राहू हे बोलायची सोय नसते. आणि भोकं छोटी म्हणजे आतलं कामही छोटं असं त्यांचं गणित. जुन्या मोठ्या चिऱ्याच्या वेळी चिराच बघून मुकादम सुट्टी देत होता. छोट्या जखमेने तो पुरावाच गेला. बघा, नवीन पद्धतीचा हा एक धोका आहे जो कुठल्याच सर्जरीच्या पुस्तकात मला सापडला नाही. तिथे उपाय निघाला तो साधा होता, काम आणि वजन लिहून दिलेलं सर्टिफिकेट, मुकादमाला दाखवायला, ऑपरेशनच्या आधीच हातात.

मुलाखत कोणी घ्यायची? तुम्ही नाही, तुमचा रेसिडेंट नाही, एप्रन घातलेला कोणीच नाही. ज्याने पोट उघडलंय त्याच्या तोंडावर कोण बोलणार. सोशल वर्कर, समुदायात काम केलेली मुलगी, समाजशास्त्राचा विद्यार्थी चालेल, शिकवून घ्या. भाषेचं बघा, आगरी बोलणाऱ्या आजी आणि भोजपुरी बोलणारा दिघ्याचा कामगार दोघांनाही प्रमाण मराठीत विचारून काही मिळत नाही. जागेचंही बघा. घरी जाऊन घ्यावी असं पुस्तकात असतं, पण चाळीतल्या एका खोलीत सासू-दीर बसलेले असताना सून काय बोलणार, त्यापेक्षा ओपीडीच्या दिवशी वेगळ्या खोलीत बरं. येण्याजाण्याचा खर्च द्या.

एक अडचण तुमच्यासारख्या मध्यम हॉस्पिटलात नेहमी येते. ई-टेप करणारे सर एक, त्यांच्याबरोबर स्क्रब करणाऱ्या सिस्टर दोन. रिपोर्टमध्ये ‘एका परिचारिकेने सांगितले’ लिहिलं की दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांना नाव कळतं. त्यामुळे स्टाफचं बोलणं मी कधीच वाक्याच्या रूपात परत देत नाही, ‘टीममध्ये मेशच्या साईझबद्दल आधी स्पष्टता हवी आहे’ असं देते, आणि काही गोष्टी तर फक्त मेडिकल सुपरिंटेंडेंटना तोंडी. बोलणाऱ्याला हेही आधी सांगायचं की नाव लपवायचा प्रयत्न करू, पण एवढ्या छोट्या टीममध्ये शंभर टक्के हमी देता येत नाही. मग ती ठरवेल काय बोलायचं ते.

मर्यादाही स्पष्ट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई आपलंच दुकान लावतेय. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये दुर्बिणीने केलेलं मोठं ऑपरेशन सगळ्यांना आवडत होतं, सर्जनना आणि पेशंटनाही. कितीही मुलाखती घेतल्या असत्या तरी चांगलंच ऐकू आलं असतं. २०१८ मध्ये लॅक ट्रायलचे निकाल आले, ६३१ बायका, साडेचार वर्षांनी आजार न उलटता असलेल्यांचं प्रमाण उघड्या ऑपरेशनमध्ये ९६.५ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात ८६. हे फक्त तुलना करूनच कळू शकतं. त्यामुळे तुमची सलग नोंदवही, गुंतागुंतीचे आकडे, वर्षा-दोन वर्षांचा पाठपुरावा हे सगळं मुलाखतींच्या बरोबरीने लागेलच, एकाच्या बदल्यात दुसरं नाही.

कमिटीला उत्तर देताना संमतीपत्रं दोन जोडा, ऑपरेशनचं वेगळं आणि मुलाखत-रेकॉर्डिंगचं वेगळं, म्हणजे माणूस ऑपरेशनला हो आणि रेकॉर्डिंगला नाही म्हणू शकेल. टेप कुठे ठेवणार, कोण ऐकणार, कधी पुसणार ते लिहा. नंतर पेपर लिहायचा असेल तर २००७ ची कोरेक नावाची, मुलाखतींवरचा अभ्यास कसा मांडायचा याची ३२ मुद्द्यांची यादी आत्ताच समोर ठेवा. बजेटमध्ये टेप लिहून काढण्याचे पैसे धरा, एका तासाच्या मुलाखतीला सवयीच्या माणसालाही पाच-सहा तास लागतात आणि हे काम फुकटात इंटर्नच्या गळ्यात मारलं की ते होत नाही. आणि दर पाच केसेसनंतर एक मिटींग लावा ज्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, सिस्टर आणि मुलाखत घेणारी मुलगी बसतील, आणि पुढच्या केसमध्ये काय बदलायचं हे एका पानावर लिहून त्याची कॉपी कमिटीला जाईल. पहिल्या मिटींगच्या आधी सहावी केस ऑपरेशनच्या यादीत लावू नका. हेड चिडतील, यादी लांबली म्हणून. त्यांना प्रोटोकॉलचं ते पान दाखवा, त्यावर सही त्यांचीच असेल.